उपासाला गोळी चालत न्हाई

"ठेवा ती तिकडं फळीवर. आजपासून नऊ दिवस मला गोळ्या दाखवायच्या न्हाईत."

घटस्थापनेची सकाळ होती. प्रयाग, म्हणजे आमची मंडळी, पत्रावळीवर काळी माती पसरून तिच्यात धान पेरत बसली होती. आणि मी तिच्यासमोर पाण्याचा तांब्या अन् गोळ्यांची पाकिटं घेऊन उभा, हॉटेलातल्या वाढप्यासारखा.

"गोळी म्हंजे काय भाकरी हाय का? तिनं कसा मोडंल उपास?"

"तिच्यात काय काय घालत्यात कुनाला ठावं. शेजारची चंपाबाई म्हनत होती, वरची टोपी जनावराच्या हाडाची असती."

"ही टोपीवाली न्हाईच. साधी पांढरी हाय, बघ तरी."

"पांढरी असू द्या न्हाईतर हिरवी. घटाला बसलेल्या बाईनं फराळाबिगर काही तोंडात घालायचं न्हाई. इतकी वर्सं घातलं न्हाई, आता म्हातारपणी बाटू व्हय? आन् सरका जरा, उजेड अडवलाय तुमी."

मी सरकलो. या बाईपुढं मी जन्मभर सरकतच आलो होतो.

गोळ्या कसल्या, ते सांगतो. तिचा थोरला भाऊ गोरख बैलबाजारात एका खोंडाचा सौदा करता करता खाली बसला, तो उठलाच नाही. पाणी आणायला गेलेला माणूस परत येईपर्यंत खेळ खलास. धट्टाकट्टा गडी, कधी डोकंसुद्धा दुखलं नव्हतं म्हणे. त्याचा तेरावा झाला आणि मी प्रयागला तालुक्याला डॉक्टर शेट्यांकडं नेलं. वाटभर ती तोंड वाजवत होती, "मला काय धाड भरलीया? खुरपायला लागले तर चार बाया मागं टाकते मी." शेट्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, काटा बघितला, परत फुगवला. मग रक्त तपासायला घेतलं. दोन्ही आकडे असे निघाले की डॉक्टरांनी मला खुर्ची ओढून बसायला सांगितलं.

"नाना, तुम्ही विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करता ना? जुनी पाइपलाइन आहे, आतून क्षार धरलाय, आणि वरून मोटार जोरात मारतीय. काय होईल?"

"कुठंतरी तुंबंल. न्हाईतर फुटंल."

"तेच. क्षार म्हणजे कोलेस्टेरॉल, मोटारीचा जोर म्हणजे बीपी. हृदयाची नळी तुंबली की गोरखचं झालं तसं. मेंदूतली तुंबली किंवा फुटली तर लकवा. नुसतं एक असलं तरी वाईटच. वहिनींना दोन्ही आहेत, आणि ती दोन्ही एकमेकांना सामील असतात."

"पर मला दुखत तर काहीच न्हाई," प्रयाग म्हणाली.

"दुखत नाही हीच तर त्याची खोड आहे, वहिनी. दुखलं असतं तर तुम्हीच पळत आला असता."

तेव्हापासून दोन गोळ्या रोज. मीठ कमी, तळण बंद. कुरकुर करत का होईना, तिनं घेतल्या. पावसाळा सरता सरता बीपी खाली आलं. शेटे म्हणाले, "छान, असंच चालू ठेवा." त्यातलं 'छान' तेवढं हिनं ऐकलं आणि बाकीचं दवाखान्यातच सोडून आली.

आणि त्यात नवरात्र आलं.

आता आमच्या बोरखडीतलं नवरात्र म्हणजे प्रयागचंच म्हणायचं. आमचं लग्न झाल्यावर थोड्याच वर्षांत तिच्या अंगात यायला लागलं. दर अष्टमीला, भवानीच्या देवळात, आरती झाली की. केस मोकळे सुटायचे, कपाळभर मळवट, आणि ती उभी राहून अशी घुमायची की संबळवाल्याचे हात भरून यावेत. मग ती बोलायची. खणखणीत, वरच्या पट्टीत, एकेकाला नावानं पुकारून. कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाच्या म्हशीचं दुखणं, कुणी भावाचा बांध कोरलाय, सगळं. तो आवाज माझ्या बायकोचा नव्हता, एवढं मी शपथेवर सांगेन. बाकी खरं-खोटं मला कळत नाही. मोटारीची वायरिंग कळते. पण त्या दिवशी मीही तिला अहोजाहो करायचो, आणि गावातला एकही माणूस तिच्याकडं पाठ करून बसत नसे.

म्हणून मला वाटलं, हिला माझं पटत नाही, देवीचं तरी पटेल. मी गेलो महादू गुरवाकडं.

"महादू, आईला कौल लाव. प्रयागनं उपासात गोळी खाल्लेली चालंल का, इचार."

महादू भला माणूस. त्यानं लगेच सोवळं नेसलं, देवीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आम्ही दोघं हात जोडून उभे. मी मनातल्या मनात उजव्या फुलाला शिव्या घालत होतो, पड की लेका, पड की. आणि घरंगळलं ते डावं.

"परत लाव," मी म्हणालो.

"असं व्हय? हा काय लिलाव हाय का नाना?"

"आरं तिचं बीपी वाढलं तर..."

"ज्या आईनं इतकी वर्सं तिच्या अंगात यायचं ठरवलं, तिला तिची काळजी न्हाई, आन् तुमाला हाय?"

 वर ती बातमी मी घरी पोचायच्या आत प्रयागच्या कानावर. "बघितलं? आता तरी गप बसा."

मी गप कसला बसतो. शेट्यांना फोन लावून तिच्या कानाला दिला. "हो डॉक्टर, घेते की, घेते, बरं बरं," असं गोड बोलली आणि फोन माझ्या हातात देऊन वाती वळायला बसली. गोळी भगरीत कुटून घालावी असंही मनात आलं. पण नवरात्रात ती चुलीला माझा हात लागू देत नसे. फोडणीच्या मिरचीपासून पाण्यापर्यंत सगळं तिचं तिच्या हातचं. मी रडकुंडीला आलो होतो, खोटं कशाला बोलू. पुण्याची लेक फोनवर ओरडायची, "नाना, तुम्ही जबरदस्ती करा!" जबरदस्ती! तिच्या आईला कधी पाहिलं नसल्यासारखं बोलत होती.

अष्टमी उजाडली. प्रयाग उठली ती भिंतीला धरून.

"काय झालं?"

"काही न्हाई. डोकं जड झालंय. उपासाचं पित्त."

"प्रयागे, हात जोडतो. आज नको जाऊ. न्हाईतर गोळी तरी घे, देवीची माफी मी मागतो, दंडवत घालत जातो."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, जरा मायेनंच. "तुमी लई भेता," म्हणाली. "आईच्या दारात मला काय हुनार हाय?"

देवळाच्या पायरीशी मी चपला काढायला लागलो तर म्हणाली, "तिकडं लांब काढा. बायांच्या पायात येत्यात." एवढं बोलून ती आत बायकांत गेली, मी पुरुषांच्या रांगेत.

सकाळची आरती झाली. संबळ वाजायला लागला. दर वर्षी ती ताडकन उभी राहते, त्या वर्षी बसल्या जागीच डुलायला लागली. हळूहळू, एका अंगाला. केस सुटले, तोंडावर आले. "आई राजा उदो उदो!" देऊळ दणाणलं. चंपाबाईनं मळवट भरला, बायका पुढं सरकल्या. महादूनं सगळ्यांना हातानं थोपवलं. "आई यंदा बसून आलीया. दमानं घ्या."

पाया पडणं सुरू झालं. कुणी पायावर पाणी ओततंय, कुणी ओटी भरतंय. मला माणसांच्या डोक्यांवरून नुसते तिचे केस दिसत होते.

"आई, पोराला नोकरी लागंल का?" कुणीतरी विचारलं. उत्तर नाही.

"आई, बोल की." नाही.

महादूनं परत परत विचारलं. तिच्या घशातून एक घोगरा आवाज आला, त्यात शब्द नव्हता.  मग बायका रडायलाच लागल्या. "आई रुसली! काय चुकलं गं आमचं?" एकजण नाक घासायला लागली. पाटलांनी उठून पदरचं एक बकरं कबूल केलं. दुसऱ्यानं देवळाला पत्रे. तासामागून तास चालले होते, आणि सगळं गाव माझ्या बायकोची क्षमा मागत होतं.

तेवढ्यात तिचा हात वर आला. डावा हात. उंच झाला, माणसांवरून पुढं आला, जरासा कापत. "आशीर्वाद दिला, आशीर्वाद दिला!" गर्दी तुटून पडली. जो तो त्या हाताखाली डोकं घालायला लागला. एक डोकं निघालं की ती हात परत वर करायची, की दुसरं डोकं खाली.

मी शेजारच्याला म्हणालो, "डावा हात कसा?"

"आईला कसला डावा-उजवा, नाना!"

पण प्रयाग डाव्या हातानं कधी कुणाला कुंकूसुद्धा लावायची नाही.  मी माणसं ढकलत पुढं घुसलो. त्याच वेळी चंपाबाईनं कुंकू लावायला तिचे केस बाजूला केले आणि मला तोंड दिसलं. ओठ एका बाजूला ओढलेले. दुसऱ्या कोपऱ्यातून लाळ गळून हनुवटीवरच्या हळदीत मिसळली होती. उजवा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. आणि डोळे! ते डोळे देवीचे नव्हते हो. ते घाबरलेले होते.

"व्हा बाजूला! लकवा हाय हा! उचला तिला!"

मी तिच्या खांद्याला हात लावतो न लावतो तोच दोघांनी मला मागनं कव घातली.

"नाना, शुद्धीवर या! आत्ता ती तुमची बायको न्हाई!"

"बायको न्हाई तर कोण हाय? माझीच हाय ती! सोडा, भडव्यांनो!"

देवळात शिवी! सगळीकडं हाय हाय झालं. महादू काकुळतीला येऊन म्हणाला, "नाना, पाया पडतो. आई अंगात असताना बाईला उचललं तर तिचा जीव जातो. मला ती बहिणीवानी हाय. आई शांत करू, मग न्या. तुमाला तिचा जीव नकोय का?"

आता सांगा, कुणाशी भांडू? ज्यांनी मला धरलं होतं ते तिला वाचवायलाच धरत होते. त्यांचेही डोळे भरले होते. महादूनं नारळ ओवाळला, भंडारा उधळला, आईला माघारी जायची विनवणी केली. एक नारळ झाला, दुसरा झाला. मी ओरडत होतो आणि संबळापुढं माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. शेवटी ती बसल्या जागेवरून कलंडली. "शांत झाली आई," महादू म्हणाला, आणि मग कुठं मला सोडलं.

जीपवाल्या बशीरनं गाडी काढली. तो बिचारा बाहेर पिंपळाखाली गाडी पुसत बसला होता, हाक ऐकताच धोतर-पागोट्यांची गर्दी चिरत दारापर्यंत गाडी आणली त्यानं. महादू आणि चंपाबाई बरोबर आले. प्रयागचं डोकं माझ्या मांडीवर. शेट्यांनी तिला गाडीतच बघितलं, बीपी घेतलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "इथं थांबू नका. जिल्ह्याला, मोठ्या दवाखान्यात. फोन करतो मी."

मोठ्या दवाखान्यात एक तरणी डॉक्टरीण होती. तिनं भराभर सगळं केलं, डोक्याचा फोटो काढून आणला. मळवट पुसायला तेवढा कुणाला वेळ नव्हता. मग ती आमच्यापाशी आली.

"मेंदूच्या नळीत गाठ अडकलीय. रक्तस्राव झालेला नाही, हे नशीब. गाठ विरघळवायचं इंजेक्शन आहे माझ्याकडं. आता मला नीट सांगा, हे सुरू कधी झालं?"

"आज. देवळात."

"देवळात कधी? तोंड वाकडं कधी झालं? हात कधी पडला?"

"मला दिसलं तवा झालेलंच हुतं."

"मग त्याआधी शेवटचं धड कधी बोलल्या त्या?"

"पायरीवर. चपला लांब काढा म्हनाली. आरतीच्या आधी."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, बोटांवर मोजलं. "ते इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याला तेवढे होऊन गेलेत. मधल्या वेळात कशा होत्या?"

मी महादूकडं बघितलं, महादूनं चंपाबाईकडं.

"मधल्या वेळात," मी म्हणालो, "ती देवी हुती."

ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, मी तिच्यावर ओरडलो तरी असतो. ती बाकड्यावर माझ्याजवळ बसली आणि सावकाश बोलली. "काका, ऐका. आधी खरंच अंगात आलं असेल, आणि हा झटका नंतर, दुपारी आला असेल, तर वेळ आहे अजून. बीपी दोनशेच्या वर आहे, ते औषधानं उतरवतेच आहे, मग इंजेक्शन देता येईल. हातपाय, बोलणं, बरंच परत येऊ शकतं. पण सुरुवातीपासूनच हा झटका असेल, तर आता ते इंजेक्शन दिल्यावर मेंदूत रक्त सांडू शकतं. त्या इथंच जातील."

"मग लिवा की बाई, दुपारी झालं म्हनून!" महादू रडत म्हणाला.

"लिहीन. पण ते खरं आहे का? सांगा तुम्ही. तुम्ही तर समोर होता."

 चंपाबाईनं पदर तोंडात कोंबला. सगळं गाव प्रयागच्या तोंडाकडं बघत बसलं होतं, सकाळपासून, पापणी न लववता. त्यातल्या एकालाही सांगता येत नव्हतं की देवी कधी गेली आणि दुखणं कधी आलं.

"गोळ्या चालू होत्या बीपीच्या?" डॉक्टरणीनं विचारलं.

"घट बसल्यापासनं बंद."

तिनं परत घड्याळाकडं बघितलं. "काका, मला थांबता येत नाही. तुम्ही काय म्हणता?"

मी आत गेलो. प्रयाग माझ्याकडं बघत होती. तिला विचारलं, "कधी गं? कधी झालं तुला?" ओठ हलले, घोगरा आवाज आला. बास. माझ्या जिभेवर आलं होतं, दुपारी म्हणून टाकावं. आणि हिच्या डोक्यात रक्त सांडलं तर? बाहेर आलो.

"मला ठाऊक न्हाई," मी म्हणालो.

इंजेक्शन दिलं नाही.

महिन्यानं घरी आणली. उजवं अंग गेलं ते गेलंच. बोलणं गेलं. डॉक्टरीण म्हणाली होती, त्यांना सगळं कळतं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. गोळ्या आता ती निमूट घ्यायची, सण असो की एकादस. मी तिला न्हाऊ घालायचो, वेणी घालायचो. पहिल्या पहिल्यांदा अशी वेडीवाकडी घालायचो की तिला हसू यायचं, अर्ध्या तोंडानं. आणि मंगळवारी, शुक्रवारी बायका दर्शनाला यायच्या. गावात ठरून गेलं होतं की आई त्या दिवशी गेलीच नाही, प्रयागच्या अंगातच राहिली. मी आधी हाकलून दिल्या. त्या उंबऱ्यावर डोकं टेकून जायच्या. किती जणींना हाकलणार? पुढं पुढं मी दार लोटून घ्यायचा कंटाळा केला.

एका दुपारी तिला भरवून झालं. पोटात इतके दिवस घुसमटत होतं ते मी विचारलंच.

"प्रयागे, त्या अष्टमीला आई आली हुती का गं?"

 तिनं मान हलवली. नाही.

"आलीच न्हाई? आधीपासनंच तुला बरं वाटत नव्हतं? संबळ वाजायला लागला तवापासनं?"

मान हलली. हो.

"मग तो हात वर करत हुतीस, तो कुणाला?"

तिनं डाव्या हाताचं बोट उचललं आणि माझ्या छातीला टेकवलं.

मला रडू आवरेना. पहिल्या डुलण्यापासून माझी बायको मला बोलवत होती, आणि जितक्या वेळा तिनं हात केला तितक्या वेळा गावानं त्याखाली डोकं घातलं. मी उठलो. म्हणालो, जातो आणि चावडीवर ओरडून सांगतो सगळ्यांना, कुणाच्या पाया पडत होता ते. तर तिनं माझं मनगट धरलं. त्या एका हातात एवढा जोर कुठनं आला कुणास ठाऊक. मान हलवत राहिली, नाही, नाही, आणि दाराकडं बघत राहिली. बाहेर चंपाबाई सुनेला घेऊन आली होती, दिवस गेलेल्या. सुनेनं वाकून पायावर डोकं ठेवलं. प्रयागचे डोळे माझ्यावरच होते. मी बोललो नाही.

ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी अजून नवरात्रात देवळाच्या पायरीशी बसतो, आत जात नाही. नवीन सुना, शहरातनं आलेली पोरं माझ्याजवळ येऊन बसतात. त्यांना ती गोष्ट ऐकायची असते. विचारतात, "नाना, त्या वर्षी म्हणे आई खूप वेळ होती अंगात. किती वेळ होती हो?"

"लई वेळ हुती," मी सांगतो. "सकाळधरनं हुती."